जुनी ब्रिटिश सलून : औरादच्या अंगणात आणण्याआधी

जग्वार घ्यावी की रोव्हर, रोल्स-रॉइसची सिल्व्हर क्लाउड खरी की शॅडो, हंबर आणि डेमलरमध्ये रुबाब जास्त कुणाचा, यावर हौशी माणसं रात्र रात्र बोलू शकतात. ती बोलणी मलाही फार आवडतात. पण औराद, कमलनगर, संतपूर, भालकी या टापूत राहून ज्याला अशी गाडी खरोखर सांभाळायची आहे, त्यानं त्या वादात उतरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं. मे महिन्यात भर दुपारी औराद-बीदर रस्त्यावर गाडी बंद पडली, तर तिचा सुटा भाग कुठून येणार आणि तो बसवणार कोण? मुंबई-पुण्याच्या मालकाला हा प्रश्न एवढा छळत नाही. आपल्याला मात्र साध्या पॅकिंगसाठीसुद्धा हैदराबाद गाठावं लागतं. गाडीची निवड या प्रश्नावर ठरवली तर पुढं मनस्ताप कमी होतो. म्हणून या लेखातली सगळी मतं मी औरादहून मोजलेली आहेत.

आपल्या भागातली पहिली ब्रिटिश सलून, म्हणजे बंद, चार दारांची गाडी, सगळ्यांनीच पाहिली आहे. ती म्हणजे अँबॅसिडर. तहसीलदारांची, आमदारांची, डॉक्टरांची आणि पुढं भाड्यानं चालणारी. ही गाडी म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्सनं त्याआधीच्या ऑक्सफर्डवरून हिंदुस्तान 14 आणि लँडमास्टर काढल्या होत्या. 1950च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथं अँबॅसिडर सुरू झाली आणि मे 2014मध्ये थांबली. इंग्लंडात मूळ ऑक्सफर्डचा तो आकार 1959च्या आसपास मागं पडला, आपल्याकडं तो पन्नासहून अधिक वर्षं रस्त्यावर राहिला.

शहरातल्या काही संग्राहकांना अँबॅसिडर ‘क्लासिक’ म्हणवत नाही. त्यांच्या मते ती सरकारी, सर्वसामान्य गाडी. मला हे मत पटत नाही, आणि औरादच्या माणसानं तर ते मुळीच मानू नये. अँबॅसिडरमधलं जुनं 1489 सीसीचं इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन आहे. हेच घराणं ऑस्टिन केंब्रिज आणि आतून लाकूड-चामडं लावलेल्या वुल्झली 15/50, एमजी मॅग्नेट या इंग्लंडमधल्या चांगल्या मध्यम सलून गाड्यांमध्ये होतं. त्यामुळं वुल्झली किंवा मॅग्नेटचं इंजिन खोलायची वेळ आली, तर अँबॅसिडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला ते अनोळखी वाटत नाही. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग, पॉइंट, वॉटर पंप यांतलं पुष्कळसं भारतात मिळून जातं. मात्र घेण्याआधी जुना भाग शेजारी ठेवून माप जुळवायचं, कारण वर्षागणिक बारीक फरक झालेले आहेत.

ज्यांची ही पहिलीच जुनी गाडी असेल, त्यांनी माझ्या मते 1975 किंवा त्याआधी नोंदलेली, मूळ पेट्रोल इंजिनची अँबॅसिडर घ्यावी. तीन-चार वर्षं ती स्वतः हाताळावी, मग वुल्झली, ऑस्टिन असं वर चढावं. 1975 हे साल का, ते कागदांच्या भागात येईल. 1990च्या दशकातली इसुझूच्या 1.8 लिटर इंजिनाची अँबॅसिडर रोजच्या वापराला जास्त बरी आहे. पण जुन्या इंग्लिश गाडीचं शिक्षण तिच्यावर पूर्ण होत नाही.

मोठ्या मोटारींची आठवण आपल्याकडं हैदराबादहून आली. 1948च्या सप्टेंबरपर्यंत औराद निजामाच्या राज्यात होतं. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. तिची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीनं बांधली आणि आत बसायला सिंहासनासारखं आसन केलं. गाडी हाती येण्याआधीच, 1911मध्ये निजाम वारले. ही गाडी पाहायला जाल तेव्हा दारांच्या फटी, पत्र्याच्या कडा आणि पितळी काम जवळून पाहा. बॉडी बांधणाऱ्या कारागिराचा हात कसा असतो हे एकदा डोळ्यांत बसलं, की पुढं पुट्टी थापलेली गाडी आपोआप ओळखू येते.

आता भारतात बनलेल्या दोन गाड्या, ज्यांना ‘आपली आलिशान ब्रिटिश सलून’ म्हणता येईल. पहिली काँटेसा. 1984मध्ये आलेली ही गाडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या शेवटच्या पिढीवर बेतलेली होती. सुरुवातीला तिला अँबॅसिडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं आणि एवढ्या मोठ्या देहाला ते अपुरं पडायचं. पुढं इसुझूचं 1.8 लिटर इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा गाडी खरी चालायला लागली. 2002मध्ये ती बंद झाली. काँटेसा घ्यायचीच तर इसुझू इंजिनाचीच घ्या. यावर हौशी लोकांमध्ये फारसा मतभेद नाही आणि माझाही नाही. मागच्या सीटवर बसून औरादहून कलबुर्गीला जायला या किमतीत इतकी आरामशीर जुनी गाडी दुसरी नाही.

दुसरी स्टँडर्ड 2000. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं 1985मध्ये ती काढली. देह रोव्हर एसडी1चा, म्हणजे ज्या गाडीला 1977चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा मान मिळाला तिचा. पण मूळच्या आठ किंवा सहा सिलिंडरच्या जागी जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातलं चार सिलिंडरचं दोन लिटर इंजिन बसवलं. दोन-तीन वर्षांतच कारखाना थांबला. दिसायला ही गाडी आजही सुंदर आहे, म्हणून तिच्या प्रेमात पडणारे पुष्कळ. पण काचा, दिव्यांची भिंगं, दारांची रबरं आणि बंपर मिळणं इतकं अवघड आहे, की औरादच्या माणसानं ती एकटी घेऊ नये. घ्यायचीच असेल तर सुट्या भागांसाठी दुसरी पडीक गाडी सोबत मिळत असेल तरच घ्यावी.

खऱ्या विलायती गाड्यांविषयी मतं जितकी माणसं तितकी आहेत. मला जी टिकाऊ वाटतात तेवढी सांगतो.

जग्वारची मार्क 2, 1959 ते 1967, ही बहुतेकांच्या मते सर्वांत देखणी छोटी ब्रिटिश सलून. तिचं दोन कॅमशाफ्टचं सहा सिलिंडर एक्सके इंजिन 2.4, 3.4 आणि 3.8 लिटर अशा तीन मापांत आलं. 3.8च्या मागं सगळे लागतात आणि किंमत तिथंच चढते. आपल्या रस्त्यांवर 3.4 पुरेशी आहे. तिची खरी दुखणी इंजिनात कमी आणि पत्र्यात जास्त असतात. पुढच्या आडव्या तुळईचे सांधे, मागच्या पाट्यांच्या बैठकी, दारांखालच्या पेट्या आणि जॅक लावायच्या जागा आतून कुजतात. वरून रंग चकाकत असतो. 1968ची एक्सजे6 चालवायला मार्क 2पेक्षा कितीतरी वरचढ आहे. तिच्या काळात खड्ड्यांवरून इतकी शांत जाणारी गाडी मिळणं मुश्किल होतं, असं तिचे चाहते सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. पण तिची वायरिंग, मागचे ब्रेक आणि गरम होण्याची सवय लक्षात घेता, गाडी उघडून समजून घेणारा मिस्त्री हाताशी असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. तिचे मागचे ब्रेक चाकांजवळ नसून मध्ये, डिफरन्शियलच्या बाजूला आहेत. साधं पॅड बदलायलाही वेळ जातो.

रोव्हरबद्दल माझं मत जरा आग्रही आहे. इंग्लंडात रोव्हर ही बँक मॅनेजर, डॉक्टर, न्यायाधीश यांची गाडी मानली जायची. 1964मध्ये ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा मान पहिल्यांदाच दिला गेला, तो रोव्हर 2000ला. साडेतीन लिटर व्ही8 बसवलेली पी5बी तर ब्रिटिश पंतप्रधानांची अधिकृत गाडी होती. मार्गारेट थॅचर 1979मध्ये पहिल्यांदा डाउनिंग स्ट्रीटला आल्या त्या पी5बीमधूनच. दिखाऊपणा कमी, कारागिरी उत्तम, सीट खुर्चीसारख्या. माणसानं माणसासारखं बसावं अशी गाडी. जग्वारच्या तुलनेत रोव्हरकडं कमी लोक वळतात, हे मला अन्यायाचं वाटतं. मिळाली आणि कागद स्वच्छ असले तर रोव्हर सोडू नका.

आता रोल्स-रॉइस. 1955 ते 1966ची सिल्व्हर क्लाउड आणि तिची जुळी बेंटली एस, या वेगळ्या चेसिसवर बांधलेल्या गाड्या. चेसिस वेगळी असल्यानं गावातला चांगला कारागीरही बॉडी उतरवून काम करू शकतो. 1965मध्ये आलेल्या सिल्व्हर शॅडोची बॉडी आणि सांगाडा एकच आहे, आणि ब्रेक व सस्पेन्शनची समतोल राखणारी यंत्रणा उच्च दाबाच्या द्रवावर चालते. शॅडो संख्येनं जास्त निघाली, म्हणून स्वस्त मिळते, आणि तिथंच माणूस फसतो. घेण्याचा खर्च कमी, पण चालू ठेवण्याचा खर्च क्लाउडपेक्षा जास्त. एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: शॅडोमध्ये आरआर363 हेच ब्रेक फ्लुइड चालतं, आणि 1980 नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये खनिज तेल लागतं. दोन्हींची अदलाबदल केली, किंवा रस्त्यावरच्या गॅरेजात कुणी साधं ब्रेक ऑइल ओतलं, तर आतले भाग खराब होऊन यंत्रणा नव्यानं बांधावी लागू शकते. ही गाडी घेतलीत तर बॉनेटखाली मोठ्या अक्षरांत मराठी, कन्नड आणि हिंदीत चिठ्ठी चिकटवा.

कागदपत्रांचा विषय आपल्याकडं तिहेरी गुंत्याचा आहे. औरादच्या दोन-अडीच तासांच्या अंतरात कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण तिन्ही राज्यं येतात. लातूरची एमएच 24, नांदेड-देगलूरची एमएच 26, हैदराबादची एपी, टीएस आणि 2024 पासूनची टीजी, या सगळ्या पाट्या आपल्या बाजारात दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ इथं राहिली, तर तिला इथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागते. मग बीदरच्या केए 38 कार्यालयात फॉर्म 27, आणि मालकी बदलायला फॉर्म 29 व 30. कर्नाटकाचा आजीवन कर आणखी वेगळा. म्हणून बयाणा देण्याआधी बीदर कार्यालयात बसून कराचा आकडा लेखी काढून घ्या. गाडीच्या किमतीत हा आकडा धरल्याशिवाय व्यवहार स्वस्त की महाग हे कळत नाही.

एनओसीच्या आड बहुतेक वेळा एक जुनी अडचण येते. 1989च्या आधीच्या तीन अक्षरी क्रमांकाच्या गाड्यांची नोंद वहीत असते, संगणकात नसते. विकणाऱ्याकडं आरसी पुस्तक असलं तरी ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत गाडी दिसत नसेल, तर आधी त्याच्याच कार्यालयातून जुनी नोंद चढवून घ्यायला लावा. हे काम विकणाऱ्यानं त्याच्या राज्यात करायचं. गाडी औरादला आणल्यावर ते आपल्या गळ्यात पडलं तर वर्षं जातात. निजामकाळापासून एकाच घराण्यात असलेली गाडी असेल, तर जुने कागद उर्दूतही असू शकतात. त्यांचं नोटरीकडून प्रमाणित भाषांतर करून ठेवा. आणि एक हिशेब लक्षात असू द्या: 1956पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आताच्या लातूर जिल्ह्यातले तालुके बीदर जिल्ह्यातच होते. त्या काळातली गाडी ‘बीदर’ची म्हणून दाखवली जात असली, तरी तिची नोंद पुढं महाराष्ट्राच्या बाजूला गेलेली असू शकते. विचारताना दोन्हीकडं विचारायचं.

विलायती गाडीचं आणखी एक. ती देशात कशी आली? जुन्या काळी दूतावासांच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तेव्हा शुल्क भरल्याचे कागद गाडीसोबत असायचे. काही गाड्या मात्र कार्ने या तात्पुरत्या परवान्यावर आल्या आणि परत गेल्याच नाहीत. अशा गाडीचं आरसी पुस्तक कितीही नीटनेटकं दिसलं, तरी सीमाशुल्क खातं ती केव्हाही जप्त करू शकतं. बिल ऑफ एंट्री किंवा शुल्क भरल्याचा पुरावा मागा. नाही म्हणाले तर उठून या, गाडी कितीही मनात भरलेली असो.

विंटेज नोंदणीचा मार्ग 2021च्या जुलैत केंद्रानं मोकळा केला, आणि तो चांगला आहे. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, व्यापारी कामाला न वापरलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी यात बसते. अर्ज फॉर्म 20वर, नवीन नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंतर नूतनीकरणाला 5,000. नव्यानं नोंदलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. जुना क्रमांक गाडीच्या इतिहासाचाच भाग असल्यामुळं तो सोडू नका. 1975ची अँबॅसिडर आता या नियमात बसते, हे वर सांगितलेल्या सालाचं कारण. पण ती टॅक्सी म्हणून धावलेली नसावी, एवढं आरसीवर तपासून घ्या. काँटेसाला 2034 उजाडावं लागेल. तोवर तिचं साधं, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण फॉर्म 25वर करत राहावं लागतं, आणि ते शुल्क गेल्या काही वर्षांत बरंच वाढलं आहे.

विंटेज नोंदणी घेतली की रोजचा वापर आणि व्यापारी वापर बंद. मेळावा, प्रदर्शन, विंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर. आपल्याकडं लग्नसराईत वरातीसाठी अशी गाडी भाड्यानं मागायला लोक घरी येतात. पांढऱ्या पाटीवर भाडं घेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पुतणीच्या लग्नात प्रेमानं नेऊन उभी करणं वेगळं, पैसे घेऊन फिरवणं वेगळं.

गाडी पाहायला जाताना मी बॉडीपासून सुरुवात करायला सांगतो. इंजिन शेवटी. इंजिन कितीही खराब असलं तरी रिबोअर करून, बेअरिंग बदलून परत उभं राहतं. कुजलेला पत्रा आणि हरवलेली क्रोमची पट्टी मात्र परत येत नाही. देवणी बैल घेताना आपली माणसं दात, खूर, चाल सगळं पाहतात आणि शिंगांच्या रंगावर भुलत नाहीत, तेवढीच सावधगिरी इथं ठेवावी. सुती कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बरोबर न्या. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीची फरशी, पुढच्या दिव्यांच्या भोवती ते फिरवा. पोलादी पत्र्यावर जिथं धरत नाही तिथं पुट्टी आहे. आतला गालिचा उचला, ओल असली तर वास येतो. मग चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या आणि आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. जुन्या इंग्लिश गाड्यांत एक नंबर बॉनेटखालच्या पाटीवर आणि दुसरा पोलादावर कोरलेला असतो, दोन्ही पाहायचे. इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधीच गरम करून ठेवलेलं इंजिन पुष्कळ काही लपवतं.

इथं हौशी मंडळींचा सर्वांत तापलेला वाद येतो: मूळ इंजिन काढून दुसरं बसवावं का? आपल्या भागात जुन्या मोठ्या गाड्यांना डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत होती. ज्यांनी ते केलं त्यांच्याकडं त्या काळी कारणं होती. पेट्रोल महाग होतं, भाग मिळत नव्हते, गाडीवर घर चालत होतं. त्यांना नावं ठेवणं मला मान्य नाही. पण आज नवीन घेणाऱ्यानं डिझेल बसवलेली गाडी टाळावी. ती विंटेज नोंदणीत बसत नाही, आरसीवर इंजिन बदलाची नोंद नसेल तर एनओसी अडते, आणि जड इंजिनानं पुढचं सस्पेन्शन झिजलेलं असतं. मूळ इंजिन गोठ्यात पडून असेल आणि सोबत मिळत असेल, तर किंमत करून ते आधी ताब्यात घ्या, मग गाडीचं बोला.

आता आपलं हवामान. या गाड्या थंड देशात जन्मल्या. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रेडिएटर आधी हात टेकतो. बोअरचं पाणी जड असतं, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत बसतो. बोअरचं पाणी कधीही घालू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण घाला. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात रेडिएटर काढून त्यात तांब्याच्या नळ्यांचा नवा गाभा बसवून घ्या. हैदराबादेत हे काम होतं. शक्य असेल तर गाभ्यात नळ्यांची एक ओळ जास्तीची घ्या. गर्दीत अडकल्यावर पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडते, त्यासाठी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवावं.

पेट्रोलनं आणखी दोन प्रश्न आणले आहेत. 2000 सालापासून देशात शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीटला त्या शिशाचं संरक्षण होतं, ते गेल्यावर जोरात पळवलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो. हेड उतरवायची वेळ येईल तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला कठीण पोलादी सीट बसवून घ्या. दुसरं, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनी रबरी नळी, कार्बोरेटरमधली बुचाची पॅकिंग, पेट्रोल पंपाचा पडदा हे त्यानं सुटतात किंवा फुगतात, आणि टाकीत पाणी धरून गंज येतो. इथेनॉल सोसणारी नळी सगळीकडं घाला. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. इथेनॉलमुळं मिश्रण पातळ होतं, म्हणून एसयू कार्बोरेटरची सुई आणि जेट नव्यानं जुळवावं लागतं. त्याच कार्बोरेटरच्या वरच्या पितळी टोपीखाली पातळ तेल घालायचं असतं. बहुतेक मालकांना हे माहीतच नसतं, आणि मग गाडी उचल घेत नाही म्हणून मिस्त्रीला बोल लागतो.

1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या उलट. बॅटरी बदलताना किंवा दुसऱ्या गाडीवरून चालू करताना हे विसरलं तर डायनामो आणि रेडिओ जाऊ शकतात. फार जुन्या गाड्यांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ मापाचे असतात. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की कडा घासतात. एक व्हिटवर्थ आणि एक एएफ (इंची) पान्यांचा संच स्वतःच्या घरी ठेवा, गॅरेजच्या भरवशावर राहू नका.

गाडी कुठं ठेवता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. तूर, सोयाबीन, उडीद साठवलेल्या खोलीशेजारी गाडी ठेवली तर उंदीर वायरिंग आणि सीटचा काथ्या खातात. दाण्यापासून दूर, हवा खेळणारी जागा हवी. अंगावर प्लॅस्टिक टाकू नका, आत ओल धरते. सुती आवरण घाला. डॅशबोर्डच्या अक्रोडाच्या लाकडाला आणि चामड्याला उन्हाळ्याची कोरडी हवा चिरा पाडते. काचेतून थेट ऊन पडणार नाही एवढं पाहिलं आणि चामड्याला वर्षातून दोनदा योग्य मलम लावलं, तर ती टिकतात.

सुटे भाग कुठं शोधायचे? अँबॅसिडर आणि बी-सिरीजसाठी सिकंदराबादचं रानीगंज सर्वांत जवळ. तिथं नाही मिळालं तर बेंगळुरूचा जे.सी. रोड, मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउसचा परिसर, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचं मलिक बाजार. जाताना नमुन्याचा भाग हातात घेऊनच जा. फोनवर नाव सांगून मागवलेला भाग बहुधा चुकीचा येतो. जग्वार, रोव्हर, रोल्सचे भाग इंग्लंडातून मागवावे लागतात. तिथं या गाड्यांचे पुष्कळ भाग नव्यानं बनतात, पण आयात शुल्क धरून हिशेब करा. बेंगळुरूतला कर्नाटक विंटेज अँड क्लासिक कार क्लब आणि मुंबईतला विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यांच्या मेळाव्यांना गाडी घेण्याआधीच जाऊन या. मालकांशी प्रत्यक्ष बोलल्यावर कोणता मिस्त्री कोणत्या गाडीत तरबेज आहे ते कळतं. धर्मस्थळच्या मोटार संग्रहालयातही एक पूर्ण दिवस द्यावा. एकाच छताखाली वेगवेगळ्या दशकांच्या गाड्या पाहिल्यावर आपल्याला नेमकी कोणत्या काळातली गाडी भावते ते उमगतं.

स्थानिक मिस्त्रीबद्दल थोडं. बीदर, उदगीर, भालकीत अँबॅसिडरवर आयुष्य घालवलेले मिस्त्री अजून आहेत, पण त्यांचं वय झालं आहे आणि हाताखालची मुलं इंजेक्शनच्या गाड्यांकडं वळली आहेत. कार्बोरेटर कानानं जुळवणं, पॉइंटची फट पात्यानं मोजणं हे त्यांच्याकडून स्वतः शिकून घ्या. घाई करू नका, त्यांची मजुरी पूर्ण द्या, आणि शक्य झालं तर शेजारच्या एखाद्या होतकरू पोरालाही सोबत बसवा.

औरादहून हैदराबादला पहिल्यांदा निघाल तेव्हा डिकीत एवढं असू द्या: कॉइल, कन्डेन्सर, पॉइंट, रोटर, फॅन बेल्ट, वरची आणि खालची रेडिएटर नळी, क्लिपा, फ्यूज, दहा लिटर पाणी-कूलंट, पेट्रोल नळीचा मीटरभर तुकडा, पान्यांचे दोन्ही संच आणि आरसी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती. निघायचं पहाटे. उन्हं चढायच्या आत जहीराबाद ओलांडायचं, आणि तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला की रस्त्याच्या कडेला सावली पाहून थांबायचं. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, अर्धा तास जाऊ द्या.